मराठी कादंबरीच्या पहिल्या पर्वावर तोंडी सादरीकरण: तयारी कशी करायची

बी.ए. किंवा एम.ए.च्या वर्गात हा विषय हमखास वाट्याला येतो: मराठी कादंबरीचा आरंभकाळ, त्यामागचा इतिहास आणि त्यातल्या प्रमुख कादंबऱ्या. वेळ बारा मिनिटं, वर तीन मिनिटं प्रश्नांना. बहुतेक सादरीकरणं एकाच पद्धतीने फसतात. पहिली पाच मिनिटं इंग्रजी राजवट, छापखाने, रेल्वे आणि मुंबई विद्यापीठ यांत जातात, पुढची तीन लेखकाच्या जन्मगावात आणि शिक्षणात. मग कादंबरीचं कथानक घाईघाईने सांगायला घेतलं की घंटा होते. इतिहास एका ताटात आणि कादंबरी दुसऱ्या ताटात, दोन्ही एकमेकांना न शिवता वाढलेली. मार्क इथेच जातात. परीक्षकाला सनावळी पाठच असते. त्या सनावळीतलं काय कादंबरीत उतरलं, हे पानावर बोट ठेवून दाखवलेलं त्याला हवं असतं. खालची सगळी खटपट तेवढ्याचसाठी आहे.

कालखंडाला कुंपण घाला

विषय मिळाला त्याच दिवशी सुरुवातीचं आणि शेवटचं साल कागदावर लिहा आणि प्रत्येकाशेजारी एका वाक्यात कारण लिहा. कारण देता आलं नाही तर ते साल तुमचं नाही, कुठल्यातरी गाईडमधून आलेलं आहे.

या पर्वासाठी 1857 ते 1915 ही चौकट सोयीची पडते. 1857 मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. 1915 मध्ये वामन मल्हार जोशींची 'रागिणी' आली आणि कादंबरीतली पात्रं तत्त्वचर्चा करू लागली, तिथे हवा बदलते. मध्ये 1885 ला एक आडवी रेघ मारा: त्या वर्षी हरि नारायण आपट्यांची 'मधली स्थिती' सुरू झाली. रेघेच्या अलीकडे 'मुक्तामाला' (1861) आणि तिच्यासारख्या अद्भुतरम्य कथा, तसंच 'मोचनगड' (1871) ही ऐतिहासिक कादंबरी. रेघेच्या पलीकडे घर, संसार, शिक्षण, वैधव्य आणि आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या. बारा मिनिटांत दोन्ही बाजू पुऱ्या होत नाहीत. एक बाजू धरा आणि दुसरीचा एका वाक्यात उल्लेख करा.

'पहिली' हा शब्द जपून वापरा. 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरी 'मानली जाते', असं म्हणा. तिच्या आधी, 1841 मध्ये, हरी केशवजींचं 'यात्रिकक्रमण' हे इंग्रजी रूपककथेचं भाषांतर आलेलं होतं. पहिली स्वतंत्र कादंबरी आणि मराठीत छापलेली पहिली दीर्घ गद्यकथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गातला एखादा तरी विद्यार्थी नक्की विचारतो. आणि 'कादंबरी' हे नाव बाणभट्टाच्या ग्रंथावरून आलं, हे जाता जाता सांगायला हरकत नाही, पण त्यावर अर्धा मिनिट घालवू नका.

विषयाचा प्रश्न करा

'आरंभकालीन मराठी कादंबरी' हे पुस्तकाच्या पाठीवरचं नाव झालं. सादरीकरणाला प्रश्न लागतो, आणि त्याची परीक्षा सोपी आहे: कादंबरी न उघडता उत्तर देता येत असेल तर प्रश्न टाकून द्या. 'एकोणिसाव्या शतकात स्त्रियांची स्थिती कशी होती?' याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकातून मिळतं, तेव्हा तो बाद. 'विधवेचं दुःख कादंबरीत कोण सांगतं: ती स्वतः, की तिला पाहणारं कुणी?' हा चालेल, कारण इथे कादंबरी उघडावीच लागते.

हाच प्रश्न घेऊन पुढे जाऊ. 'यमुनापर्यटन' मधली यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते. वाटेत तिला ठिकठिकाणच्या विधवा भेटतात आणि त्यांच्या हकिगती ती ऐकते. म्हणजे कादंबरीच्या बऱ्याच भागात दुःख दुसऱ्याचं आहे आणि यमुना ते पाहणारी आहे. पुढे तिलाच वैधव्य येतं, ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये यमू आपली कहाणी लहानपणापासून स्वतःच सांगते. सगळं 'मी'च्या तोंडून. तिच्यावर वैधव्य येतं तेव्हा वाचक तिच्या शेजारी उभा नसतो, तिच्या डोळ्यांतून पाहत असतो. दोन्ही नायिकांचं नाव जवळजवळ एकच, विषय एकच, मध्ये साडेतीन दशकं, आणि सांगणारा बदललेला. एवढ्यावर बारा मिनिटं सहज भरतात.

दुसरे काही चालण्यासारखे प्रश्न: नियतकालिकातून हप्त्याहप्त्याने छापल्यामुळे कादंबरीच्या रचनेवर काय परिणाम झाला? 'मुक्तामाला' मध्ये योगायोग इतके का आहेत, आणि तेव्हाच्या वाचकाला ते का खटकले नसावेत? आपट्यांच्या कादंबरीतलं शिकलेलं नवरा-बायकोचं जोडपं मुंबईत गेल्यावर काय बदलतं? शेवटचा प्रश्न दिसायला साधा आहे, पण एकत्र कुटुंब, भाड्याचं बिऱ्हाड, नोकरी, रेल्वे असा सगळा इतिहास त्यातून आपोआप आत येतो, ओढूनताणून आणावा लागत नाही.

किती वाचायचं

एक कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि दुसरीची निवडक प्रकरणं. याहून जास्त वाचायचा संकल्प चार आठवड्यांत पार पडत नाही आणि याहून कमी वाचलं तर प्रश्नोत्तरांत उघडं पडतं. जुन्या मराठीची सवय नसेल तर पहिले तीन-चार दिवस तासाला वीस पानंही होत नाहीत. त्याने घाबरू नका, पहिल्या शंभर पानांनंतर वेग येतो. आपट्यांची कादंबरी जाडजूड आहे. रोज दीड तास बसलात तर दोन ते अडीच आठवडे धरा. म्हणजे चारातले निम्म्याहून जास्त दिवस वाचण्यात जाणार. इथेच लोक हिशेब चुकतात आणि शेवटच्या आठवड्यात सारांशावर येऊन थांबतात.

सारांशावर केलेलं सादरीकरण दोन वाक्यांत ओळखू येतं, कारण सारांशात पात्रांची नावं आणि मोठ्या घटना असतात, पण घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते नसतं. या पर्वाच्या कादंबऱ्यांतला इतिहास बराचसा त्या बोलण्यातच आहे.

प्रत निवडताना पुस्तकाचं पहिलं आणि मागचं पान पाहा. संक्षिप्त आवृत्ती, 'कुमारांसाठी' केलेली आवृत्ती आणि मूळ संहिता यांत फार फरक असतो. स्कॅन केलेली जुनी प्रत मिळाली तर उत्तम, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही, म्हणून खुणा वाचतानाच करा. टिपणात पान क्रमांकाबरोबर प्रकरणाचा क्रमांकही लिहा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, प्रकरणं सहसा तीच राहतात.

टिपणांसाठी वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात प्रकरण आणि पान. दुसऱ्यात कादंबरीत काय घडलं, एका ओळीत. तिसऱ्यात बाहेरच्या काळातलं काय आठवलं. उदाहरणादाखल एक ओळ: 'नवरा यमूला लिहायला-वाचायला शिकवतो, घरच्यांना ते रुचत नाही' हे दुसऱ्या रकान्यात. तिसऱ्यात: 'मुलींची शाळा आहे, पण सासरी वाचणारी सून अजून नवलाची, शिक्षण लपून.' तिसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. सगळ्या ओळींना भरला असेल तर मात्र तुम्ही जुळवून आणताय असं समजा. शेवटी बारा-पंधरा ओळी कामाच्या निघतात आणि सादरीकरणात त्यातल्या चारच वापरायच्या.

इतिहास: सनं थोडी, पण नेमकी

साऱ्या सादरीकरणात चारपेक्षा जास्त सनं बोलू नका. बाकीची छापील टिपणात द्या. ऐकणाऱ्याच्या डोक्यात चाराच्या वर एकही राहत नाही.

कोणती चार, हे प्रश्नावर ठरतं. 'यमुनापर्यटन' 1857 ची म्हटल्यावर हात आपोआप उठावाकडे जातो. पण कादंबरीचा धागा त्याच्या आदल्या वर्षाशी आहे: 1856 मध्ये विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. कायदा झाला म्हणून विवाह होऊ लागले असं नाही, आणि कादंबरीतल्या यमुनेचा पुनर्विवाह धर्म बदलल्यावरच होतो, हे त्या काळाबद्दल बरंच काही सांगून जातं. पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले होते. ही माहिती इथे चरित्र म्हणून येत नाही, कादंबरीच्या शेवटाचं स्पष्टीकरण म्हणून येते. लेखकाचं चरित्र वापरायचं ते एवढंच.

'पण लक्षात कोण घेतो' साठी 1890, 1891 आणि 1893 ही तीन सनं पुरतात, आणि याच तीन सनांत सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश. 1890 मध्ये आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि कादंबरी त्यातून हप्त्यांनी येऊ लागली. पुस्तकरूपाने ती 1893 मध्ये आली. म्हणजे एकाच कादंबरीला दोन सनं आहेत. तुम्ही एक सांगाल आणि कुणी दुसरं सांगेल, तेव्हा 'हप्त्यांनी अमुक साली, पुस्तक अमुक साली' असं म्हणायची सवय लावा. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीचं संमतीचं वय दहावरून बारावर नेलं. 'केसरी'तून टिळक सरकारी हस्तक्षेपाला विरोध करत होते, 'सुधारक'मधून आगरकर सुधारणेची बाजू लढवत होते. तो वाद पेटलेला असताना यमूच्या कहाणीचे हप्ते घरोघर जात होते.

आता घसरण्याची जागा. विद्यार्थी इथून थेट म्हणतात, 'या कादंबरीमुळे कायदा झाला.' पुरावा नाही, आणि कायदा कादंबरी पुस्तक होण्याआधीच झालेला आहे. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या एवढंच तुम्हाला म्हणता येतं. शिवाय कादंबरीचा घाव कायद्यावर नाहीच. यमूची सर्वांत मोठी विटंबना केशवपनाची, म्हणजे विधवा झाल्यावर डोकं भादरण्याची आहे, आणि संमतिवयाच्या कायद्याचा केशवपनाशी काही संबंध नव्हता. कायदा एका प्रश्नावर बोलत होता, कादंबरी घरातल्या दुसऱ्या कोपऱ्यात उभी होती. ही विसंगती लपवायची नाही. उलट हाच तुमचा मुद्दा करा, असा मुद्दा वर्गात दुसऱ्या कुणाकडे नसतो.

तीन कायदे एकमेकांत मिसळणं ही ठरलेली चूक आहे: 1856 विधवाविवाह, 1891 संमतिवय, 1929 बालविवाह प्रतिबंध. तिसरा आपल्या चौकटीच्या बाहेर आहे. तिन्ही एका कार्डावर लिहून खिशात ठेवा.

ऐतिहासिक कादंबरी घेतली असेल तर वेगळा धोका. 'मोचनगड' किंवा आपट्यांची 'उषःकाल' यांची कथा शिवकाळात घडते, आणि विद्यार्थी शिवकाळाचा इतिहास सांगत बसतात. तुमचा कालखंड कथेचा नाही, लेखनाचा आहे. 'मोचनगड' हवी असेल तर 1867 मध्ये सुरू झालेलं 'विविधज्ञानविस्तार' मासिक, त्याचे संपादक आणि कादंबरीकार रामचंद्र भिकाजी गुंजीकर, आणि 1870 च्या सुमारास शिकलेल्या मराठी माणसाला किल्ल्यांची आठवण का होऊ लागली, इकडे पाहायचं. 'उषःकाल' 1890 च्या दशकातली, त्याच दशकात शिवजयंतीच्या उत्सवाची चळवळ उभी राहिली. फळ्यावर दोन आडव्या रेघा काढा, वर कथेचा काळ आणि खाली लेखनाचा काळ. अर्ध्या मिनिटात वर्गाला कळतं आणि तुमचाही पाय घसरत नाही.

उतारा वाचून दाखवणं

सादरीकरणाचा कणा हाच. कादंबरीतला एक उतारा, 120 ते 150 शब्दांचा, साधारण सव्वा ते दीड मिनिटाचा. त्याहून लांब नको, आणि दोन उतारे तर नकोतच, तुलना असेल तरच दुसरा, तोही चार ओळींचा.

उतारा निवडताना मोठ्या प्रसंगाचा मोह होतो: मृत्यू, केशवपन, शेवट. असे प्रसंग मोठ्याने वाचताना आवाज नाटकी होतो आणि वर्ग अवघडतो. त्याऐवजी माजघरातलं एखादं साधं संभाषण घ्या, ज्यात कोण कुणाला 'अहो' म्हणतं, कोण नुसतंच हुंकारतं, सून दाराआडून बोलते की समोर येऊन, हे दिसतं. मग उताऱ्यातल्या तीन शब्दांवर बोट ठेवा आणि त्यातून काळ उलगडा.

जुन्या छपाईत 'नांव', 'कांहीं', 'घरांत', 'त्यांस' असे अनुस्वार जागोजागी दिसतात. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. तेव्हा वाचताना त्यांचा नाकात उच्चार करू नका: 'घरांत' हे 'घरात' असंच वाचायचं. हे माहीत नसलं की उतारा कीर्तनासारखा ऐकू येतो आणि मागच्या बाकावर हसू फुटतं. स्लाइडवर मात्र मूळ छपाई जशी आहे तशीच ठेवा, स्वतः 'सुधारू' नका.

अपरिचित शब्द उताऱ्याच्या आधी सांगा, मध्ये थांबून नाही. 'आलवण' म्हणजे विधवेने नेसायचं तांबडं लुगडं. 'मामंजी' म्हणजे सासरा किंवा सासऱ्याच्या नात्यातला वडीलधारा. हा शब्द ऐकून आज निम्मा वर्ग आईच्या भावाकडे वळतो आणि 'पण लक्षात कोण घेतो' मधला सासरचा शंकरमामंजी यमूचा माहेरचा मामा होऊन बसतो! असे तीनच शब्द सांगा, बाकीचे प्रसंगावरून कळतात.

उतारा उभं राहून, पुस्तक किंवा छापील कागद हातात धरून वाचा. स्लाइडकडे वळून वाचलं की आवाज भिंतीकडे जातो.

बारा मिनिटांचा हिशेब

मराठी समजेल अशा गतीने बोलायचं तर मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात. बारा मिनिटांसाठी 1300 शब्द लिहिले की तालीम बरोबर बसते आणि प्रत्यक्षात चौदा मिनिटं होतात, कारण स्लाइड उघडणं, पाणी पिणं, कुणी उशिरा आत येणं हे सगळं तुमच्याच वेळातून जातं. म्हणून 1100 वर थांबा, उतारा त्यातच धरून.

वाटणी अशी बसते. पहिलं मिनिट प्रश्नाला, तोही थेट: 'आज मी दोन कादंबऱ्यांत विधवेची गोष्ट कोण सांगतं ते पाहणार आहे.' नमस्कार आणि मान्यवरांचे आभार एका वाक्यात. मग दोन मिनिटं काळ, चार सनं. एक मिनिट कथानक, आणि एक म्हणजे एकच. संपूर्ण कादंबरीचं कथानक 100 शब्दांत लिहून पाहा, ते जमलं नाही तर कादंबरी अजून पचलेली नाही. दीड मिनिट उतारा. मग साडेचार मिनिटं त्या उताऱ्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या तीन जागांवर, हाच सादरीकरणाचा गाभा. पुढे दीड मिनिट दुसऱ्या कादंबरीशी तुलना. राहिलेल्या अर्ध्या मिनिटात सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर द्या आणि थांबा.

पाठ करायचं ते फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. मधलं पाठ केलं की एक शब्द विसरला तरी सगळी माळ सुटते. त्यासाठी पोस्टकार्डाएवढी सहा कार्डं करा, प्रत्येकावर पाच-सहा शब्द, कोपऱ्यात क्रमांक आणि 'इथे चौथं मिनिट संपावं' अशी वेळेची खूण. घड्याळात सहावं मिनिट असेल आणि हातात अजून दुसरं कार्ड, तर तुलनेचा भाग गाळा. उतारा गाळू नका.

स्लाइड

सात ते आठ पुरतात. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असल्याने इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. अक्षर 28 पेक्षा लहान नको, दोन ओळींतलं अंतर सव्वापट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांत अडकतात. एका स्लाइडवर पाच ओळींच्या वर मजकूर नको. उताऱ्याची स्लाइड याला अपवाद.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली की 'यमुनापर्यटन'च्या जागी चिन्हांची खिचडी दिसते, आणि ऐनवेळी त्याला इलाज नसतो. युनिकोड असलं तरी पीडीएफ प्रत सोबत ठेवा, पेन ड्राइव्हवर एक आणि स्वतःला ईमेल करून दुसरी. वर्गात नेट चालेलच असं धरू नका.

चित्रांत लेखकाचा फोटो सगळेच लावतात. त्यापेक्षा कादंबरीच्या जुन्या आवृत्तीचं मुखपृष्ठ किंवा मूळ छपाईतलं एक पान मोठं करून दाखवा, जुनी अक्षरवळणं आणि ते अनुस्वार वर्गाला डोळ्यांनी दिसतात. इंटरनेटवरून घेतलेलं 'जुन्या काळातल्या बायकांचं' कुठलंही चित्र लावू नका. ते बंगालमधलं असू शकतं, आणि विचारणारा कुणीतरी असतोच.

गटाने करायचं असेल तर

चार जणांच्या गटात 'तू इतिहास, तू लेखक, तू कथानक, तू भाषा' अशी वाटणी झाली की सुरुवातीला सांगितलेला तोच दोष पुन्हा येतो, फक्त चार आवाजांत. त्यापेक्षा कादंबरीतल्या जागा वाटून घ्या. प्रत्येकाने एक जागा घ्यायची आणि तिथला काळ, भाषा, पात्र सगळं त्यानेच सांगायचं. संपूर्ण कादंबरी किमान दोघांनी वाचलेली असावी. एकानेच वाचली आणि त्या दिवशी तोच आजारी पडला तर गट उघड्यावर येतो. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना 'आता माझा मित्र पुढचं सांगेल' हे वाक्य नको. पुढच्याने थेट सुरू करावं.

तालीम

तीन वेळा, उभं राहून, मोठ्याने. पहिल्यांदा एकट्याने, वेळ न पाहता. दुसऱ्यांदा मोबाइलवर रेकॉर्ड करून. ऐकताना 'म्हणजे', 'तर मग', 'असं की' किती वेळा आलं ते मोजा. मोजलं की ते आपोआप निम्मं होतं. तिसऱ्यांदा कादंबरी न वाचलेल्या कुणासमोर, आणि संपल्यावर त्याला एवढंच विचारा: माझा प्रश्न काय होता? त्याला सांगता आलं नाही तर पहिलं मिनिट पुन्हा लिहा.

उच्चार आधी तपासून घ्या. 'उषःकाल' मधला विसर्ग गिळू नका. 'पदमनजी' मध्ये द आणि म वेगळे आहेत, 'पद्मनजी' नाही.

प्रश्नोत्तरं

तीन मिनिटांत तीन-चार प्रश्न होतात आणि त्यातले दोन आधीच ओळखता येतात. पहिला: या कादंबऱ्यांत दिसणारा समाज कुणाचा? प्रामाणिक उत्तर असं की आपट्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांत मुख्यतः पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण मध्यमवर्गाचं घर दिसतं, आणि केशवपनासारखा प्रश्नही प्रामुख्याने त्याच वर्गाचा होता. याच काळात, 1873 मध्ये, सत्यशोधक समाज स्थापन झाला आहे, 1882 मध्ये ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' आलं आहे, आणि 'दीनबंधु' वृत्तपत्राचे संस्थापक कृष्णराव भालेकर यांची 'बळीबा पाटील' ही कादंबरी शेतकऱ्यांचं आणि दुष्काळाचं जग घेऊन येते. हे उत्तर कार्डावर तयार ठेवा. 'तेव्हाचा समाज' असा सरसकट शब्द भाषणात वापरला असेल तर हा प्रश्न येणारच, म्हणून भाषणातही 'या कादंबरीतलं घर' असंच म्हणा.

दुसरा: बायकांनी लिहिलेलं काही नाही का? आहे. काशीबाई कानिटकरांची 'रंगराव' याच पर्वातली. तुमचा प्रश्न 'सांगणारं कोण' असा असेल, तर यमूचा 'मी' एका पुरुषाने लिहिलेला आहे हे कुणी विचारायच्या आधी तुम्हीच भाषणात सांगितलेलं बरं.

न वाचलेल्या कादंबरीबद्दल विचारलं तर 'ती मी वाचलेली नाही' म्हणा आणि जी वाचली आहे तिच्यातला जवळचा प्रसंग सांगा. अंदाजाने कथानक रचू नका. समोर बसलेल्या शिक्षकांनी ती कादंबरी बहुधा दोन-तीनदा शिकवलेली असते. प्रश्न लांबलचक असेल तर उत्तराआधी तो एका वाक्यात परत म्हणा, मागच्यांना ऐकू जातो आणि तुम्हाला विचार करायला पाच सेकंद मिळतात. कादंबरीची प्रत हातातच असू द्या, खुणेच्या चिठ्ठ्या लावलेली. 'हे नक्की कुठे आहे?' असं कुणी विचारलं तर पान उघडून दोन ओळी वाचायच्या.